लेडीजच्या दारावरची गिरजाबाई

“पाच खिळे लागतीन,” सुखराम म्हणाला. “अन् लोहाराच्या भट्टीतले पायजेत. दुकानातले चालत नाई.”

“लोहाराले सांगून ठेवलं,” आत्या म्हणाली. “तू फक्त दहाव्याले ये. नदीवरून वापस आले का लगेच ठोकून टाकू.”

पुढच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. सुखराम राइस मिलच्या बॉयलरवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरची बाधा काढायचा. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण आनंदाबाई, भिंतीला टेकली होती. बाबा खाटेवर होते. मी सुपात तांदूळ घेऊन निवडत होते. तांदळात खडे नव्हते; पण सुतकाच्या घरात लोक येतात, बसतात, आपल्याकडे बघत राहतात, तेव्हा हाताला काहीतरी लागतं.

माय जाऊन आठ दिवस झाले होते. दुपारच्या शोला निघण्याआधी केस विंचरताना तिच्या छातीत कळ आली आणि ती त्याच खाटेवर आडवी झाली, ती उठली नाही. मी भंडाऱ्याहून एसटीने तुमसरला पोचले तोवर अंगणात बांबू येऊन पडले होते. ते दिवस पंचकाचे होते. पंचकात माणूस गेला की तो घरातल्या आणखी पाचांना मागे ओढतो असं आमच्याकडे मानतात, म्हणून सरणावर तिच्याशेजारी कणकेचे पाच पुतळे ठेवून तेही जाळले होते. बहुतेक घरं तेवढ्यावर थांबतात. आत्याच्या सासरी याच्याही पुढची रीत होती. दहाव्या दिवशी घराच्या उंबरठ्यात पाच लोखंडी खिळे ठोकायचे, म्हणजे गेलेल्याला परत आत येता येत नाही, असं आत्या सांगत होती.

“कोणाले आत येता येत नाई?” बाबांनी विचारलं.

आठ दिवसांत ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पाणी’ याखेरीज ते काही बोलले नव्हते. सुखराम चपापून त्यांच्याकडे बघू लागला.

“गिरजाले,” आत्या म्हणाली.

“तिचं घर हाय. येईन तं येऊ द्या.”

“वासू, असं बोलू नोको. पंचकात गेली ती. तिच्या मनात नसन तरी तिले न्या लागन. या पोरीचे दोन लेकरं हायेत. तू हाय. माहं काय, मी गेली तरी चालते.”

“मंग तुलेच नेऊ दे, बाई.”

सुखरामला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. आत्या माझ्याकडे वळली.

“चंदे, शिकलेली तूच हाय. सांग तुया बापाले.”

बाबांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी भंडाऱ्याला शाळेत मराठी शिकवते. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. त्यामुळे हे सोपं असायला हवं होतं: खिळे ठोकायचे नाहीत, एवढं म्हणून मोकळं व्हायचं. पण बाबांना खिळे नको होते ते भूत नसतं म्हणून नव्हे. माय येईल असं धरूनच ते बोलत होते. आत्याही तसंच धरून बोलत होती. एकाला ती यायला हवी होती, दुसरीला नको होती. ती येणार नाही असं मानणारी त्या घरात मी एकटीच होते, आणि निकाल माझ्याकडे मागत होते.

“दहाव्याला अजून वेळ आहे,” मी म्हणाले आणि सूप हलवलं.

माय टॉकीजमध्ये लेडीजच्या दारावर होती.

तिथे बायकांसाठी डाव्या अंगाला वेगळी जागा होती. मध्ये छातीएवढी भिंत, आणि बाजूच्या बोळात उघडणारं वेगळं दार. त्या दारावर बाईच लागायची. त्र्याहत्तर सालच्या आसपास, मी मॅट्रिकला असताना, माय तिथे लागली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरीने जागा दाखवायची, रडतं लेकरू बोळात न्यायचं, दोन बाया एका खुर्चीवरून भांडल्या तर मध्ये पडायचं. दाराशी तिचं स्टूल होतं आणि स्टुलालगतची पहिली खुर्ची आत्याची. आत्या विधवा होऊन भावाकडे राहायला आली होती आणि घराबाहेर पडायला तिला कारण लागायचं. शेवटच्या शोनंतर गिरजा एकटी कशी येणार, हे कारण चांगलं होतं. वर्षानुवर्षं पुरलं.

टॉकीजमध्ये सगळे सिनेमे लागत. रडवणारे, मारामारीचे, देवाचे. पण मायचे सिनेमे म्हणजे भुताचे. त्यांत नाव ठाऊक असलेला नट नसायचा. प्रिंट इतकी झिजलेली की पडद्यावर सतत उभ्या रेघा पडत राहायच्या. एक हवेली असायची, कंदील घेतलेला एक म्हातारा नोकर असायचा, एक पांढरी साडी असायची. कबरीवरचा दगड थर्माकोलचा, वारा सुटला की हलायचा. तुटलेला हात जमिनीवरून सरपटत यायचा आणि त्याच्या मागे स्वेटरची बाही दिसायची. चेटकिणीचे पाय उलटे असतात, ते दाखवायला जमलं नाही म्हणून तिच्या पायांत चपलाच उलट्या घातलेल्या. भिंतीतून आरपार जाणारं भूत थोड्या वेळाने फाटकाची कडी काढून बाहेर पडायचं आणि कडी पुन्हा लावायचं.

“चांगल्या घरचं दिसते,” माय म्हणायची.

नव्या सिनेमाचा पहिला शो ती मुकाट्याने बघायची. दुसऱ्या शोपासून बायकांना आधी सांगायची. “आता खिडकी उघडन. दम धर. दम धर. आता डोळे झाक.” बाया पदर डोळ्यांवर ओढायच्या आणि पदराच्या विरळ कापडातून बघायच्या. किंचाळायच्या. मग एकमेकींच्या किंचाळण्याला हसायच्या.

बॅटरीचं सुरू झालं ते एका घड्याळामुळे. दोनशे वर्षं तळघरात पडलेलं एक भूत बाहेर आलं, हात पुढे करून, आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. नुकतं लग्न झालेली एक पोरगी घाबरून ओक्साबोक्शी रडायला लागली. तिला समजवायला मायने बॅटरीचा झोत थेट पडद्यावर टाकला. भुताच्या मनगटावर फिकट पिवळा गोल पडला.

“पाह्य वो, त्याले बी ड्यूटीवर जा लागते.”

आधी लेडीज हसली, मग भिंतीपलीकडचे पुरुष. टॉकीजचा शेठ दुसऱ्या दिवशी मायला रागावला, सिनेमा खराब करते म्हणून. रविवारी लोक तिकिटाच्या खिडकीवर विचारायला लागले की बाई कोणत्या शोला आहे. मग शेठनेच तिला तीन सेलची लांब बॅटरी आणून दिली.

कॉलेजच्या सुट्टीत घरी आले असताना मी एकदा तिला विचारलं होतं की तुला हेच सिनेमे कसे आवडतात, किती वाईट बनवलेले असतात. ती पायाला तेल लावत होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे.

“वाईट हायेत म्हणूनच,” ती म्हणाली. “चांगलं बनवलं असतं तं भेव नसतं का लागलं? चांगला सिनेमा असला का बाया मुकाट रडतेत अन् घरी गेल्यावर डोळे काहून सुजले म्हणून सासूच्या शिव्या खातेत. याच्यात ओरडा, हासा, कोणी इचारत नाई. घरी कोणती बाई ओरडू शकते? ओरडली तं आंगात आलं म्हणतेत.”

एवढंच. तिला झोप आली होती.

नवव्या दिवशी लेडीजच्या बाया भेटायला आल्या. मिलमध्ये तांदूळ पाखडणाऱ्या, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, दोघी-तिघी दुकानदारांच्या घरच्या. पुढे पुष्पाबाई होती. तिचा भाजीचा ठेला टॉकीजच्या बोळाच्या तोंडाशी होता आणि तिने न पाहिलेला सिनेमा तुमसरात लागला नव्हता. त्यांनी रीतसर माझ्या आणि आत्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी त्यांच्या खांद्यावर मान ठेवून उभी राहिले. मला त्यांच्या केसांच्या तेलाचा वास येत होता आणि दुसरं काही होत नव्हतं. मग सगळ्या बसल्या. शेजारून चहा आला.

“तो रिळाचा सिनेमा आठवते का, आनंदाबाई?” पुष्पाबाईने विचारलं.

आत्याने नुसती मान हलवली.

ऑपरेटरने एकदा रिळं उलटसुलट लावली होती. चेटकीण इंटरव्हलच्या आधीच जळून राख झाली, आणि इंटरव्हलनंतर तीच हिरवा शालू नेसून, हळद लावून बोहल्यावर उभी. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. लेडीजमध्ये कोणाला काही खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी रिळं नीट लागली, तेव्हा त्याच बाया मायशी भांडायला आल्या.

“म्या म्हटलं, गिरजाबाई, कालचाच लावा ना,” पुष्पाबाई सांगत होती. “कालच्यात जळालेली बाई कशी सजूनधजून लग्नाले आली. अन् आजच्यात मेली तं मेलीच. हे काय सिनेमा झाला?”

“मंग काय म्हणे?” मागून कोणीतरी विचारलं. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं.

“म्हणे, शेठले सांगतो, आमच्या बाया मेलेलीले वापस बोलावून राहिल्या, तुमचं तुम्ही पाहा.”

सगळ्या हसल्या. आत्याही हसली, खांदे हलवून, तोंडात पदर धरून. शेजारची म्हातारी दारातून डोकावली, सुतकाच्या घरात काय चाललंय ते बघायला. तिला पाहून हसणं थांबलं. पुष्पाबाईने कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि तशीच बशी हातात धरून बसली.

“शुक्रवारी नवा लागला,” ती म्हणाली. “आम्ही गेलो होतो. म्हणजे, जायचं नव्हतं. पण पाय गेले तिकडे. असं वाटे का ती बसली असन स्टुलावर.”

“कोण होतं दारावर?” मी विचारलं.

“कोणी नाई. शेठनं दार तसंच उघडं टाकून देलं. भूत तं निरा बेकार होतं, बाई. गोणपाट पांघरून पोट्टं फिरून राहिलं होतं. पण कोणी हासलंच नाई. बसलो चूपचाप. इंटरव्हललेच उठून आलो.” तिने बशी खाली ठेवली. “येतानी बोळात भेव लागलं. खरं सांगतो. इतके वर्स त्या बोळातून आली-गेली, कधी लागलं नाई.”

मी कप गोळा केले आणि मोरीवर जाऊन विसळले. पाणी गार होतं. बोटं लाल झाली तरी मी तेच कप पुन्हा विसळत राहिले, कारण थांबल्यावर काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आत्या मला म्हणाली, “चंदे, विहिरीवर येतं का संग?”

विहीर परसात होती, दहा पावलांवर. माय गेल्यापासून ती दिवस मावळल्यावर एकटी परसात गेली नव्हती. माय गेली ती खाट पुढच्या खोलीत होती, तर आत्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून रात्र बसून काढायची. मला वाटत होतं की तीही माझ्यासारखीच जागी आहे. मी घागर घेतली आणि तिच्याबरोबर निघाले.

“घाबरतेस का ग तू?” मी विचारलं.

ती राहाटाला हात लावून उभी राहिली.

“तुले खोटं वाटन. पण मले भुताचं बेजा भेव. लहानपणापासून. सासरी तं सांजच्याले बाहेर जा लागे तं दोन बाया संग पायजे. सासू म्हणे, हे काय माणूस आणलं. इथं आली, गिरजानं टॉकीजले नेलं, अन् मंग भेव नाई लागलं. म्हणजे होतं, गेलं नव्हतं. पण ती बाजूले असे. म्हणे, बाई, आता येते, डोळे झाका. मी झाको. म्हणे, उघडा आता, पाह्या कसं गाढव हाय. मी उघडो. खरंच गाढव असे.”

घागर पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. तिने दोर ओढला नाही.

“आता तीच ते झाली. आता मले सांगन कोण?”

मी पुष्कळ वाचलं आहे. मरणावर तर फार. त्यातली काही वाक्यं मला तेव्हाही पाठ होती आणि ती मला त्या विहिरीवर आठवलीही. मी दोर ओढून घागर वर घेतली आणि आम्ही दोघी आत आलो.

दहाव्या दिवशी सकाळी नदीवर निघण्याआधी बाबा अंगणात उन्हाला बसले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, अंगावर जुनी शाल. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले.

“बाबा, आत्या झोपत नाही.”

“माहीत हाय.”

“ती माय घरात येईल म्हणून बसून असते.”

त्यांनी शालीची दशी बोटाला गुंडाळली, सोडली.

“तुई माय शेवटचा शो सुटल्यावर घरी ये तं मी झोपून राहो,” ते म्हणाले. “मिलची सकाळची पाळी. जागणं जमे नाई. पण कडी नाई लावली कधी. दार नुसतं लोटून ठेवो. तिनं कधी हाक मारली नाई, का कडी वाजवली नाई. तुई आत्या बी तिच्या संग चूपचाप ये. सकाळी डोळे उघडले का बाजूले झोपून असे.”

त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली.

“एक बी सिनेमा नाई पाह्यला तिच्या संग. ती म्हणे, चला, तुमच्यासारखंच एक भूत आलं हाय, दिसभर झोपते.” ते किंचित हसले असावेत, दाढीमुळे कळलं नाही. “तुई आत्या लय भिऊन राहिली का?”

“हो.”

“मंग ठोकू दे.”

“तुम्हाला नको असेल तर मी सांगते तिला. ऐकेल ती माझं.”

“ऐकन. अन् रातभर बसून राहीन.” ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. “ठोकू दे.”

नदीवर कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, गिरजाबाईचं काही अडकलेलं नव्हतं. बाबांनी पाण्यात उभं राहून जे करायचं ते केलं आणि आम्ही परत आलो. सुखराम अंगणात वाट बघत होता. हातात हातोडा, लाल फडक्यात खिळे. लेडीजच्या बायाही आल्या होत्या आणि तुळशीपाशी उभ्या होत्या.

आमचा उंबरठा बीज्याच्या जुन्या लाकडाचा, लोखंडासारखा कठीण. सुखरामने हळदकुंकू वाहिलं, लिंबू कापलं आणि पुटपुटायला सुरुवात केली. पहिला खिळा अर्धा गेला आणि थांबला. दुसरा वाकला. त्याने तो काढून दगडावर ठेवून सरळ केला, पुन्हा लावला, पुन्हा वाकला. तोवर तो मंत्र विसरला आणि त्याने पहिल्यापासून धरला.

“सुखराम, मंतर मराठीत हाय का हिंदीत?” पुष्पाबाईने विचारलं.

“दोन्हीत हाय. चूप राहा.” त्याने जोरात घाव घातला. “पूरब बांध, पच्छिम बांध, उत्तर बांध, अगं माय वो...” हातोडा अंगठ्यावर बसला होता. अंगठा तोंडात घालून त्याने उरलेली दिशा बांधली.

तुळशीपाशी कोणीतरी फसकन हसलं. मग दुसरं. बाया एकमेकींच्या मागे तोंड लपवायला लागल्या. आत्याने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण तिचं पोट हलत होतं.

मी दाराच्या अगदी जवळ होते, म्हणून मला एक गोष्ट दिसली. चार खिळे काळे, ओबडधोबड, भट्टीतले होते. पाचवा गोल डोक्याचा, चकचकीत, हार्डवेअरच्या दुकानातला होता. लोहाराने चारच दिले असतील, किंवा एक वाटेत पडला असेल. सुखरामने तो पटकन लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर सगळं अंगण हसलं असतं, आत्याही हसली असती कदाचित. पण आत्याचा चेहरा दहा दिवसांनी सैल पडला होता. तिने हात जोडले होते.

पाचवा खिळा सगळ्यांत सहज गेला.

बाबा या सगळ्या वेळात भिंतीपाशी उभे होते. हसले नाहीत. सुखरामला त्यांनी अंगठ्यावर बांधायला चिंधी आणून दिली.

लोक गेले. आत्याने स्वयंपाक केला आणि पहिल्यांदाच आमच्याबरोबर जेवली. माय गेली त्या जागी, खाटेशेजारी, पणती होती, तिच्यात तिने न घाबरता तेल घातलं. मला वाटलं, झालं. उद्यापासून ती झोपेल.

दिवेलागणीला बाबा उठले. त्यांनी खाटेवरची गोधडी आणि उशी गुंडाळून काखेत घेतली आणि खाटेचं एक टोक उचललं.

“काय करून राहिला?” आत्याने विचारलं.

“बाहेर टाकतो.”

“पूसाची थंडी हाय, वासू.”

“हो.”

आत्या हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली आणि उंबरठ्याकडे बघू लागली. मी खाटेचं दुसरं टोक धरलं. खाट सरळ निघेना. ती कुशीवर करावी लागली. तिचा पाय एका खिळ्याच्या वर राहिलेल्या डोक्याला अडला, तर बाबांनी खिळ्याला धक्का न लावता तो वरून काढून घेतला. उंबरठा ओलांडून आम्ही ती अंगणात, दारासमोर ठेवली. त्यांनी गोधडी पसरली, पायाशी चपला नीट लावल्या आणि शाल पांघरून आडवे झाले.

मी आतून आणखी एक गोधडी आणायला गेले. आत्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसली होती. चिमट्याने निखारे काढून शेगडीत घालत होती, एकेक, मोठे बघून. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेगडी उचलून ती दारापर्यंत आली, लुगडं आवरलं, खिळ्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने उंबरठा ओलांडला आणि शेगडी खाटेच्या पायथ्याशी ठेवली. मग स्वतःही तिथेच खाली बसली. मी तिच्या अंगावर गोधडी घातली आणि शेजारी बसले. तिन्हीसांजा टळून गेल्या होत्या. मिलवरून उकडलेल्या धानाचा वास येत होता.

“दार लावू का?” मी विचारलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

निखाऱ्यांवर राख धरली तेव्हा आत्या म्हणाली, “वासू.”

“हं.”

“ती आली तं?”

बाबांनी कूस बदलली. खाट करकरली.

“तं बसन,” ते म्हणाले. “थंडी हाय.”

आत्याने मागे वळून पाहिलं नाही. चिमट्याने राख झटकून तिने निखारे वर घेतले आणि शेगडी थोडी बाजूला सरकवली. दार सताड उघडं होतं. आत पणती जळत होती आणि घरात कोणी नव्हतं.